सरहद्द नावाचं स्टेशन

शनिवारी रात्री जेवणं झाली की आमच्याकडे एक खेळ चालतो. खेळाडू दोन, मी आणि बाबा. जुन्या 'स्टार ट्रेक'चा एखादा भाग लावायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या. बाबांनी ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेली, तीही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दारात उभं राहून. मी पाहिली इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात, परीक्षेच्या आदल्या रात्री. त्यामुळे अभ्यास दोघांचाही पक्का आहे. जो जास्त चुका काढेल त्याला फ्रीजमधली शेवटची कुल्फी.

आमच्या घरातली सगळ्यात लाडकी चूक म्हणजे खान. 'स्पेस सीड' नावाचा भाग अमेरिकेत १६ फेब्रुवारी १९६७ ला दाखवला गेला. त्यात एंटरप्राइज यानाला अंतराळात भरकटलेलं एक जुनं जहाज सापडतं आणि आत गोठवून झोपवलेला एक महाबलाढ्य माणूस, खान नूनियन सिंग. यानावरची इतिहासतज्ज्ञ बाई त्याला बघून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. आता हा शीख कसा? तर पगडी नाही, दाढी नाही, आडनावाच्या जागी सिंग, पण हाक मारायची खान. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबाननं. (माणूस भारी आहे, त्याबद्दल वाद नाही.) पुढे कळतं की हा गृहस्थ १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या पाव भागावर राज्य करत होता. बाबा म्हणतात, "१९९६ मध्ये मी ठाणे स्टेशनवर रोज आठ-सतराची लोकल पकडत होतो, मला कोणी बोललं नाही!"

ही झाली काळानं काढलेली चूक. आता खरी सलगतेची चूक बघा. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' या सिनेमात खान चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो. पण 'स्पेस सीड' दाखवला गेला तेव्हा चेकॉव्ह मालिकेत आलेलाच नव्हता, तो आला दुसऱ्या पर्वात! चाहत्यांनी यावर इतकी स्पष्टीकरणं शोधली आहेत की विचारू नका. त्यातलं माझं आवडतं म्हणजे चेकॉव्ह तेव्हा खालच्या मजल्यावर ड्युटीला होता, फक्त कॅमेऱ्यासमोर आला नव्हता. आमच्या प्रोजेक्टमध्येही असे दोन-तीन जण आहेत.

आणि तिसरा नमुना 'मिरर, मिरर' (६ ऑक्टोबर १९६७). कॅप्टन कर्क आणि तीन सहकारी एका समांतर विश्वात जाऊन पडतात. तिथे सगळं उलटं. संघराज्याऐवजी क्रूर साम्राज्य, बढती हवी तर वरिष्ठाचा खून करायचा (म्हणजे अप्रेझलची पद्धत थोडी वेगळी), आणि मिस्टर स्पॉकला दाढी. यातली गोम अशी की इतिहास पार वेगळा, पण माणसं मात्र तीच. तोच कर्क, तोच स्पॉक, त्याच यानावर, त्याच हुद्द्यांवर. ही चूक लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

तर मंडळी, चुका काढायची ही खोड तशी धंद्यातून लागलेली. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून "हे इथे फाटणार" असं सांगायचे मला पैसे मिळतात. दुसऱ्याचा बग सापडल्यावर जो आनंद होतो ना, तो स्वतःचा कोड चालल्यावरही होत नाही. खोटं कशाला बोला!

या खोडीतूनच एकदा मी थेट जयंत नारळीकरांच्या कथेत चूक काढली. आजची कहाणी त्या चुकीची.

नारळीकरांची ओळख करून द्यायची गरज नाही, पण दोन गोष्टी सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. त्यात पहिलं बक्षीस मिळालं 'कृष्णविवर' या कथेला, लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजेच नारळीकर. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती मंगलाताईंनी. म्हणजे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानं आपलं नाव लपवून परीक्षकांपुढे जायचं, हे मला कथेपेक्षाही जास्त आवडतं.

दुसरी गोष्ट, टीव्हीवरच्या विज्ञानकथेशी त्यांचं नातं गुरुघराण्यातूनच होतं. केंब्रिजमधले त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉयल हे स्वतः विज्ञानकथा लिहायचे. १९६१ साली बीबीसीवर आलेली 'ए फॉर अँड्रोमिडा' ही मालिका हॉयल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत लिहिली, आणि नेमके त्याच काळात नारळीकर त्यांचे विद्यार्थी होते. (त्या मालिकेच्या बहुतेक टेपा बीबीसीनं नंतर पुसून टाकल्या. बॅकअप घेत जा, लोकहो.)

आता कथा. मराठीत 'गंगाधरपंतांचे पानिपत', इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर'. मी ती पहिल्यांदा वाचली अकरावीत, एनसीईआरटीच्या 'हॉर्नबिल' नावाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात. खालचे तपशील त्याच पाठातले.

गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. नऊशे नव्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेले. पानिपतावर विचार करत रस्त्यानं चालले असताना एका ट्रकची धडक बसते आणि ते दुसऱ्याच भारतात जागे होतात. या भारतात मराठे पानिपत जिंकले आहेत. कारण एवढंच की विश्वासरावांना लागलेली गोळी इथे लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि फौजेचा धीर सुटला. तिथे उलट झालं. विश्वासराव वाचले म्हणून फौजेला चेव आला, अब्दाली हरला. पुढे विश्वासराव आणि माधवराव या भावांनी मिळून राज्य वाढवलं. दादासाहेब, म्हणजे राघोबादादा, बाजूला सारले गेले. ईस्ट इंडिया कंपनीला देश गिळायला मिळालाच नाही.

गंगाधरपंतांना हे सगळं सुरुवातीला ठाऊक नसतं. काय चाललंय ते शोधायला ते जिजामाता एक्सप्रेसनं पुण्याहून मुंबईला निघतात. गाडी चाळीस मिनिटांत लोणावळ्याला पोचते. (मी लगेच हिशेब केला. पुणे-लोणावळा साधारण ६४ किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ९६. जमण्यासारखं आहे, चूक नाही.) कर्जतला जेमतेम थांबते. कल्याण न थांबता मागे टाकते. मग लांब बोगद्याच्या पलीकडे एका लहानशा स्टेशनात थांबते. स्टेशनचं नाव सरहद्द. तिथे गणवेशातला अँग्लो-इंडियन अधिकारी परवाने तपासतो, कारण इथून पुढे ब्रिटिशांची हद्द.

अकरावीत हे वाचताना मी बाकावरून उडालो होतो. कल्याणनंतर मुंबईकडे येताना लांब म्हणावा असा बोगदा एकच, पारसिकचा. सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त, १९१६ साली सुरू झालेला. फास्ट लोकलमध्ये दाराशी उभे राहणारे लोक तो चालू झाल्यावर बोलणं अर्धवट सोडायचे आणि संपल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे, तो बोगदा. त्यातून बाहेर पडलं की कळवा, मग खाडी, मग ठाणे. म्हणजे नारळीकरांच्या त्या दुसऱ्या भारताची सीमा आमच्या अंगणात! आमच्या माजिवड्याच्या गच्चीवरून पारसिकचा डोंगर दिसतो. पलीकडे मराठ्यांचं राज्य, अलीकडे युनियन जॅक, आणि मी? मी अलीकडे. इंग्रजांच्या हद्दीत! जरा वाईटच वाटलं.

मग नोकरी लागली, खोड वाढली, आणि एका विकांताला मी प्रश्न विचारला की सरहद्द तिथे का? तिथे असायला हवी का?

इथे आपला खरा इतिहास थोडा सांगावा लागेल. माजिवडा, ठाणे शहर, बोरिवली, अंधेरी, वांद्रे हा सगळा भाग म्हणजे साष्टी बेट. मुंबई बेट वेगळं, साष्टी वेगळी. इंग्रजांकडे सतराव्या शतकापासून होती ती फक्त मुंबई. साष्टी पोर्तुगिजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. तिथपासून मराठे आणि इंग्रज यांच्यामध्ये उरली ती माहीमची खाडी. इंग्रजांनी त्या टोकाला आधीच किल्ले बांधून ठेवले होते. त्यातला एक सायनच्या टेकडीवर आजही उभा आहे. सायन हे इंग्रजांनी केलेलं रूप. आपण मराठीत काय म्हणतो? शीव. आणि शीव म्हणजे? सीमा. गावाची शीव असते ती. म्हणजे सरहद्द नावाचं स्टेशन मध्य रेल्वेवर आधीपासूनच आहे, आपण रोज त्यावरून जातो!

मग ही सीमा शिवेवरून ठाण्यापलीकडे सरकली कशी? १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव थेऊरला क्षयानं गेले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले, बारभाईंनी त्यांना हुसकावलं आणि दादासाहेब मदतीसाठी मुंबईकर इंग्रजांच्या दारात गेले. इंग्रजांचा साष्टीवर डोळा कधीचाच होता. पोर्तुगीज ती परत घ्यायला येताहेत अशी बातमी आली, तेही निमित्त झालं. बोलणी चालू असतानाच डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता विल्यम हॉर्नबी. मार्च १७७५ मध्ये सुरतेला दादासाहेबांनी साष्टी आणि वसई देण्याच्या करारावर सही केली. पुढे युद्ध झालं, वसई मराठ्यांना परत मिळाली, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली ती राहिलीच. तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. टेंभी नाक्याकडून कळव्याला जाताना डाव्या-उजव्या बाजूला भिंत दिसते तेव्हा कोणाच्या मनात १७७४ येत नाही. रिक्षा मिळेल का एवढंच येतं.

आता गंमत बघा. नारळीकरांच्या जगात माधवरावांबरोबर विश्वासरावही आहेत. दादासाहेबांना राजकारणातून बाजूला केलेलं आहे. म्हणजे गादीचं भांडण नाही, सुरतेचा करार नाही, १७७४ चा हल्ला झाला तरी तो पचणार नाही. मग साष्टी इंग्रजांकडे गेलीच कशी? सरहद्द शिवेला हवी, पारसिकला नाही! जिजामाता एक्सप्रेस ठाणे, मुलुंड, घाटकोपर सगळं मराठी राज्यातून धडधडत येऊन कुर्ल्यानंतर थांबायला हवी होती.

चूक क्रमांक एक सापडली. तीही कथेच्या मध्यभागी, आणि चक्क माझ्या घराच्या पत्त्यावर. त्या रात्री मी कुल्फी एकट्यानं खाल्ली.

चूक क्रमांक दोन लगेच मिळाली. गोळी. कथेत राजेंद्र देशपांडे नावाचा वैज्ञानिक गंगाधरपंतांना स्पष्टीकरण देतो. त्यात कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आहे (रेने थॉम या फ्रेंच गणितज्ञाचं पुस्तक १९७२ सालचं, तेव्हा विषय ताजा होता) आणि पुंजभौतिकीतली अनेक विश्वांची कल्पना आहे (ह्यू एव्हरेट, १९५७). इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे जसं आधी सांगता येत नाही, तसंच इथे. पण गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. समजा गोळी वीस ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटर. तिची डी ब्रॉग्ली तरंगलांबी काढली तर मीटरमध्ये दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग एक. एवढ्यानं गोळी कान सोडून जात नाही. शिवाय मोठ्या वस्तूंच्या बाबतीत आजूबाजूची हवा, उजेड, धूळ यांच्याशी सतत संबंध येऊन वेगवेगळ्या शक्यता एकमेकींपासून कायमच्या तुटतात. हे डीटर झेह यांनी १९७० साली मांडलं. एकदा तुटलेल्या विश्वातून दुसऱ्यात ट्रकच्या धक्क्यानं जाता येणार नाही, आणि गंगाधरपंतांनी केलं तसं बखरीचं फाटलेलं पान खिशात घालून परत तर अजिबात येता येणार नाही.

चूक क्रमांक तीन, तीच 'मिरर, मिरर'वाली. १७६१ ला इतिहासाचा फाटा फुटला तरी त्या मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस आहे. व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा. हॉर्नबी रोड आहे. ज्या हॉर्नबीच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पराक्रम त्या जगात व्हायलाच नको, त्याच्या नावाचा रस्ता! पेशावरला जाणारी फ्रंटियर मेलही आहे. ती आपल्याकडे १९२८ साली सुरू झाली आणि फ्रंटियर म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत. ज्यांची हद्द पारसिकला संपते त्यांचं पेशावरला कसलं फ्रंटियर? आणि कळस म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात खुद्द गंगाधरपंतांनी लिहिलेले इतिहासाचे पाच खंड!

हे का जमणार नाही ते एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाच्या गोष्टीवरून कळतं. १९६१ साली त्यानं संगणकावरचा हवामानाचा एक हिशेब पुन्हा मधूनच चालवला. आकडा होता ०.५०६१२७. छापील कागदावर ०.५०६ एवढंच होतं, ते त्यानं भरलं आणि कॉफी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर पुढचं हवामान पार वेगळं. तीन अंक गाळल्याचा हा परिणाम. आता माणसांचा हिशेब करा. १७६१ ते गंगाधरपंतांचा जन्म यात साधारण सात पिढ्या धरू. सातव्या पिढीत १२८ पूर्वज. मधली सगळी लग्नं मोजली तर ६४ + ३२ + १६ + ८ + ४ + २ + १, म्हणजे १२७. ही १२७ लग्नं तशीच जमायला हवीत, आणि प्रत्येकाला नेमकं तेच मूल व्हायला हवं. पानिपतावर गेलेली माणसं जिवंत घरी परतली असतील तर त्यांची लग्नं, जमिनी, गावं सगळंच बदललं असेल. एक जरी सोयरीक इकडची तिकडे झाली की गंगाधरपंत गेले.

तीन चुका घेऊन मी नारळीकरांना मेल लिहायला बसलो. अगदी नम्रपणे, "आदरणीय सर" वगैरे. तक्ता केला, पारसिक आणि शीव दाखवणारा नकाशा जोडला. मग वाटलं, पाठवायच्या आधी कथा पुन्हा एकदा वाचू. मग रिलीज आलं. मग दिवाळी आली. मेल ड्राफ्टमध्ये पडून राहिली.

२० मे २०२५ ला सकाळी बातमी आली की नारळीकर पुण्यात गेले. ८६ वर्षांचे होते.

त्या रात्री आम्ही खेळ खेळलो नाही. मी कथा काढली आणि यावेळी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचली. आणि ग्रंथालयाच्या प्रसंगाच्या शेवटी ते वाक्य आलं जे मी इतक्या वर्षांत डोळ्याखालून घातलं होतं पण वाचलं नव्हतं. त्यात असं आहे की त्या भारतानं स्वतः बळकट असताना, निव्वळ व्यापाराच्या सोयीसाठी इंग्रजांना मुंबई ठेवू दिली होती. भाडेपट्ट्यानं. तह १९०८ चा, मुदत २००१ पर्यंत.

भाडेपट्टा! म्हणजे सरहद्द १७७४ च्या लढाईनं ठरलेली नाहीच. ती ठरली आहे १९०८ च्या कागदावर. आणि असं जगात खरोखर घडलेलं आहे. हाँगकाँग बेट इंग्रजांनी १८४२ मध्ये घेतलं, कौलून १८६० मध्ये. पण शहर वाढलं, जागा पुरेना, संरक्षणाची काळजी वाटू लागली, तेव्हा १८९८ मध्ये मागचा मोठा प्रदेश चीनकडून ९९ वर्षांच्या पट्ट्यानं घेतला. तो १९९७ ला परत द्यावा लागला. तसंच मुंबईचं धरा. १९०८ पर्यंत मुंबईला पाणी येत होतं विहारचं (१८६०), तुळशीचं (१८७९) आणि तानसाचं (१८९२). पहिले दोन तलाव साष्टीतच आहेत. पाणी नसेल तर व्यापार कसला? मग पट्ट्यात साष्टी येणार, खाडी येणार, आणि खाडीपलीकडे थोडी जागा घेऊन जिथे डोंगर आडवा येतो तिथे हद्द थांबणार. पारसिकचा डोंगर. बोगद्याच्या तोंडाशी चौकी बसवली की एकही माणूस न तपासता आत येणार नाही. मी असतो तर मीही स्टेशन तिथेच बांधलं असतं.

माझी चूक क्रमांक एक म्हणजे खरोखरच माझी चूक होती.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे कोड तपासताना फक्त बदललेल्या ओळी बघतात की अख्खी फाईल वाचतात?" मी म्हटलं, नियम अख्खी फाईल वाचायचा आहे. ते म्हणाले, "मग?"

मग काय, उरलेल्या दोन चुका पुन्हा उघडल्या. गोळीबद्दल माझा हिशेब बरोबर आहे, पण प्रश्न चुकीचा होता. एकटी गोळी पुंजभौतिकीमुळे वळत नाही हे खरंच. पण गोळी कुठे जाते हे ठरतं बंदूक धरणाऱ्याच्या हातावर, दारू कशी पेटली त्यावर, घोडा कधी हलला त्यावर. तिथे अगदी बारीक फरक वाढत वाढत कानाएवढा होऊ शकतो. लॉरेन्झचाच मुद्दा. फाटा गोळीच्या क्षणी नाही, त्याच्या थोडा आधी फुटला एवढं म्हणावं लागेल. एका विश्वातून दुसऱ्यात जाणं मात्र अशक्यच, तेवढी एक सूट लेखकाला द्यायची. 'स्टार ट्रेक'ला आपण प्रकाशापेक्षा वेगानं जाऊ देतो, तशी.

तिसरी चूक मात्र चूकच आहे, आणि ती तशीच राहावी असं मला आता वाटतं. नारळीकरांनी ती दुरुस्त केली असती तर त्या मुंबईत एकही नाव ओळखीचं उरलं नसतं. ना टर्मिनस, ना एशियाटिक, ना गंगाधरपंत. मग अकरावीतला मी बाकावरून उडालो असतो का? दाढीवाला स्पॉक मजेचा वाटतो तो आधी बिनदाढीचा स्पॉक माहीत असतो म्हणून. फरक दिसायला बाकीचं सारखं ठेवावंच लागतं. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. लॉरेन्झनं तीन अंक गाळले आणि हवामान बदललं. आपल्याकडे याचं मराठी रूप शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, ध चा मा. नारायणरावांना 'धरावे' असं लिहिलेल्या चिठ्ठीत आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही आख्यायिका. इतिहासकार तिला पुरावा मानत नाहीत. पण खून तर झाला. त्यातून दादासाहेब मुंबईच्या वाटेला लागले, त्यातून ठाण्याचा किल्ला गेला आणि साष्टी गेली. पुढे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली ती सगळी इंग्रजांच्याच हद्दीतून, वाटेत कोणालाही परवाना न दाखवता. माझं ऑफिस, माझी लोकल, आमच्या मजल्याचा भाव, सगळं त्या एका वर्षावर टेकलेलं आहे. कथेतली चूक शोधता शोधता मला पहिल्यांदा कळलं की मी राहतो ते गाव कसं आणि केव्हा गेलं. आठवी-नववीत हे धड्यात होतं, दोन मार्कांना. तेव्हा पाठ केलं, वाचलं नव्हतं.

आणि त्या दुसऱ्या जगात? तिथे २००१ साल येऊन गेलं. पट्टा संपला. गाड्यांवरचे छोटे युनियन जॅक खरवडून काढले असतील. सरहद्द स्टेशनला आता कोणी परवाने तपासत नसेल. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबायच्या बंद झाल्या असतील आणि आसपासचे लोक "निदान स्लो लोकल तरी थांबवा" म्हणून अर्ज करत असतील.

ती मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. मी त्यातल्या पहिल्या मुद्द्याखाली एक ओळ जोडली: "सर, हे माझ्या वाचण्यात राहून गेलं होतं. क्षमस्व." उरलेले दोन मुद्दे खोडले नाहीत. त्यांना वाद आवडला असता असं वाटतं.

असो. या शनिवारी पुन्हा खेळ आहे. कुल्फी आणली आहे. भाग कोणता लावायचा ते बाबा ठरवणार, आणि यावेळी शेवटपर्यंत बघून झाल्याशिवाय चूक सांगायची नाही असा नवा नियम केलाय.